ओटीजी घेतला केकसाठी, वापरतेय लाल भोपळ्यासाठी – सात महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

दिवाळीच्या ऑफरमधे सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातून २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेची छोटी भट्टी) घेतला, साडेसात हजाराला. घेतला होता केक आणि नानकटाईसाठीच, पण आज सात महिन्यांनी बघितलं तर केक झालेत चार आणि लाल भोपळा भाजलाय कमीत कमी चाळीस वेळा, म्हणून हा रिव्ह्यू भोपळ्याच्या बाजूनेच लिहितेय. केक कसा होतो ते सगळीकडे लिहिलेलं आहे, भाजी कशी भाजली जाते हे कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

सुरुवात अशी झाली की सासूबाईंना शुगर आहे, डॉक्टरांनी बटाटा कमी करा, तळलेलं बंद करा, भाज्या वाढवा असं सांगितलं. आता आमच्याकडे भोपळा म्हणजे एकतर घारगे, नाहीतर उपवासाची भाजी. घाऱ्यात गूळ आणि वर तळण, म्हणजे ते गेलंच, आणि भाजी केली की ती गिच्च होते, लेक तर ताटात कडेला सारून ठेवायचा. मग म्हटलं तेल न ओतता भाजून बघू.

पहिल्यांदा पार फसलं. ट्रे गच्च भरला, मीठ तिखट तेल लावून अर्धा तास तसंच ठेवलं मुरायला, मशीन आधी तापवलं नाही, आणि ४० मिनिटांनी दार उघडलं तर फोडी पाण्यात बसलेल्या. भाजल्याच नव्हत्या, वाफवल्या होत्या. नंतर कारण कळलं ते सांगते कारण सगळी गोम तिथेच आहे. आपल्या लाल भोपळ्यात १०० ग्रॅममधे जवळपास ९२ ग्रॅम पाणीच असतं. मीठ आधी लावलं की ते पाणी बाहेर सुटतं, आणि फोडी एकमेकीला चिकटून असल्या की सुटलेली वाफ जायला जागा नसते, मग ती तिथेच कोंडते आणि भोपळा शिजतो. जोपर्यंत वरचं पाणी उडत नाही तोपर्यंत फोड १०० डिग्रीच्या वर तापतच नाही, आणि त्याशिवाय ती तपकिरी खरपूस कड येत नाही. म्हणून फोडी लांब लांब ठेवायच्या, मीठ अगदी आत घालायच्या क्षणी लावायचं आणि मशीन १० मिनिटं रिकामं तापवून घ्यायचं. एवढं केलं आणि दुसऱ्याच वेळी जमलं.

आता मशीनबद्दल. वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चांगले तापतात, आत फॅन आहे तो लावला की हवा फिरते आणि ओलावा लवकर जातो, भाजीसाठी फॅन असलेलाच घ्या, केकवाल्यांना नसला तरी चालतो पण आपल्याला पाहिजेच. आतला लाईट उपयोगी आहे, दार न उघडता कड कुठवर आलीय ते दिसतं.

पण बटणावरचा आकडा खरा नाही. मला पहिल्यापासून शंका होती की २०० वर ३० मिनिटं ठेवून रंग का येत नाही, मग ओव्हनमधे अडकवायचा छोटा थर्मामीटर मागवला. बटण २०० वर आणि काटा १७५ वर! तीनचार वेळा बघितलं, दरवेळी २०-२५ डिग्री कमीच. कस्टमर केअरला फोन केला, वॉरंटीत होतं, तर आधी म्हणाले माणूस येईल, मी दोन दिवस सुट्टी टाकून घरी बसले, माणूस आलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात आला, हात लावून बघितलं आणि "मॅडम एवढा फरक चालतो" म्हणून निघून गेला. साडेसात हजार घेतल्यावर आकडा बरोबर असावा एवढीच अपेक्षा होती आणि हे मला अजूनही खटकतं. आता मी बटण २२५-२३० वर ठेवते म्हणजे आत २०० होतात, काम अडत नाही, पण ज्याच्याकडे थर्मामीटर नाही त्यानी काय करायचं? तो म्हणेल भोपळाच बेकार.

दुसरी तक्रार सोबत आलेल्या ट्रेची. पातळ काळा पत्रा आहे, तापला की आत ठण्णकन आवाज करून वाकडा होतो आणि तेल सगळं एका कोपऱ्यात जमतं, त्या कोपऱ्यातल्या फोडी करपतात आणि बाकीच्या कोरड्या राहतात. मी भांड्याच्या दुकानातून जाड अॅल्युमिनियमचा ट्रे मापाने घेतला, जाताना आतलं माप मोजून न्या, बाहेरचं नको. पांढऱ्या ट्रेवर खालून रंग जरा उशिरा येतो, पाचेक मिनिटं जास्त लागतात, पण सगळीकडे सारखा येतो.

भोपळा मी लक्ष्मी मंडईतून आणते. तिथे एक मावशी बसतात, अक्कलकोटकडच्या, कन्नड बोलणाऱ्या, त्या त्याला कुंबळकाई म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या अक्का तेलुगू, त्यांच्यात गुम्मडिकाया. एकाच भोपळ्याला आमच्या गल्लीत तीन नावं आहेत. मावशींनीच शिकवलं की भाजायला कापलेली फोड घे, अख्खा नको, कारण आतला रंग बघता येतो. गर जाड पाहिजे, रंग गर्द केशरी पाहिजे, फिकट पिवळा असला की पाणचट निघतो. बियांजवळचे धागे सुके नकोत आणि बुळबुळीत तर अजिबात नकोत. फोड हातात घेतली की आकारापेक्षा जड लागली पाहिजे. अख्खा घ्यायचाच असेल तर देठ सुकलेला आणि साल नखाने सहज न खरवडणारी बघा, तो घरात कोरड्या हवेशीर जागी महिना दोन महिने सहज राहतो. कापल्यावर मात्र फ्रिजमधे, बिया काढून, तीनचार दिवसात संपवायचा.

साल काढायच्या भानगडीत मी पडत नाही. भोपळ्याचं साल कडक, सुरी सटकते, एकदा माझं बोट थोडक्यात वाचलं, तेव्हापासून मावशींकडूनच दोन बोटं जाडीच्या उभ्या फोडी करून आणते आणि सालासकट भाजते. भाजल्यावर गर चमच्याने आपोआप सुटतो, आणि सालामुळे फोड मोडत नाही.

माझी पद्धत: अर्धा किलो फोडी धुवून फडक्याने अगदी कोरड्या पुसायच्या, हे पुसणं चुकवू नका. एक मोठा चमचा घाण्याचं शेंगतेल हाताने चोळायचं, अर्धा चमचा काळं तिखट, थोडी धनेपूड, मग मीठ. ट्रेवर फोडींमधे बोटभर अंतर. आत खरे २०० डिग्री, २० मिनिटं झाली की पलटायच्या, परत १५ मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटात जे होतं ते बघण्यासारखं असतं, कडेला आधी बारीक बुडबुडे येतात, मग ती कड आत ओढली जाते, सुरकुतते आणि केशरी रंगाची तांबूस तपकिरी होते, वास भाजलेल्या रताळ्याच्या जवळ जातो पण त्याच्यापेक्षा हलका. सुरी टोचली तर लोण्यात जावी तशी जायला पाहिजे. बाहेर काढल्यावर लिंबू, आणि वरून शेंगा चटणी भुरभुरवायची. चटणी आत अजिबात घालू नका, लसूण आणि शेंगदाण्याचा कूट करपून कडू होतो, मी एकदा घातली आणि सगळा ट्रे टाकून द्यावा लागला. गरम फोडीवर चटणी पडली की तिचं तेल सुटतं आणि गरात मुरतं, ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

अक्कांनी चव बघितली आणि त्यांच्या पुलुसूसारखं (त्यांच्याकडची चिंचेची आंबट आमटी) चिंच-गूळ लावून बघ म्हणाल्या. लावलं. फार छान लागतं, पण गूळ शेवटची पाच मिनिटंच सहन करतो, आधी लावला तर काळा होतो. सासूबाईंच्या फोडींना तो लावत नाही.

सासूबाईंनी पहिल्यांदा "काय भाजलालीस गं, वास कसला येलालाय" म्हणून विचारलं, आणि खाल्ल्यावर म्हणाल्या की आमच्या आईने चुलीच्या निखाऱ्यात भाजलेल्या भोपळ्याची आठवण आली. मला त्या वाक्याने फार बरं वाटलं. आता त्यांच्या ताटात आठवड्यातून तीनदा असतो. पण एक गोष्ट सरळ सांगते, भाजला म्हणून साखर कमी होत नाही, उलट पाणी उडाल्याने गोडी एकवटते, त्यामुळे वाटीभरच वाढते आणि त्या दिवशी भाकरी दोनच्या ऐवजी दीड. कच्च्या भोपळ्यात १०० ग्रॅमला जेमतेम २६ कॅलरी असतात, बटाट्यात त्याच्या तिप्पट. शिवाय तो केशरी रंग म्हणजे बीटा कॅरोटीन, त्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, आणि ते अंगी लागायला थोडं तेल पाहिजेच, त्यामुळे तो एक चमचा पूर्ण बंद करू नका. ज्यांना औषधं चालू आहेत त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी भरीत. गर काढून कुस्करायचा, दही, थोडं मीठ, वरून मोहरी हिंग हिरव्या मिरचीची फोडणी. उकडलेल्या भोपळ्याच्या भरताला पाणी सुटतं, भाजलेल्याला सुटत नाही, हा फरक एकदा खाऊनच बघा. बियाही फेकू नका, धुवून, धागे काढून, दिवसभर उन्हात वाळवून १५० डिग्रीवर १५ मिनिटं, मीठ लावून. लेक त्या खातो, आणि आता फोडीही खातो, कडेच्या करपट फोडी आधी उचलतो.

विजेचं बघा. मशीन १६०० वॅटचं आहे, तापवण्यापासून एक खेप पाऊण तास, मधेमधे रॉड आपोआप बंद होतात, म्हणजे साधारण एक युनिट लागतं. एका खेपेत एकच पाव-अर्धा किलो भाजणं परवडत नाही, मी फोडींबरोबर वरच्या जाळीवर लसणाचा गड्डा, कांदा, टोमॅटो ठेवते, चटणीचं काम होऊन जातं. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मात्र लावू नका. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, मशिनरीच बघतो, त्याने समजावलं की २३० चं व्होल्टेज १९० वर आलं तर रॉडची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते, मग भोपळा तासभर ठेवला तरी मऊ होतो पण रंग धरत नाही. आणि एप्रिल-मे मधे आपल्याकडे ४२ डिग्री असताना दुपारी हे मशीन लावणं म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहता येत नाही. मी पहाटे सहाला भाजून ठेवते आणि जेवताना तव्यावर दोन मिनिटं परतते.

नणंद पुण्याहून एक बटरनट घेऊन आली होती, तोही भाजला. त्याचं साल पातळ, साध्या सोलाण्याने निघतं, पाणी कमी असल्याने १० मिनिटं आधी होतो, गर जास्त गोड आणि गुळगुळीत. छान आहे पण आपल्या लाल भोपळ्याच्या कितीतरी पट महाग, आणि कॅलरीही जास्त, १०० ग्रॅमला ४५ च्या आसपास. जातकुळी दोघांची एकच आहे, त्यामुळे परदेशी रेसिपीत बटरनट लिहिलं असेल तर मंडईतला गर्द केशरी बिनधास्त वापरा, फक्त वेळ वाढवा.

ज्यांना एवढ्यासाठी मशीन घ्यायचं नाही त्यांनी बिडाच्या तव्यावर करा, फोडी पातळ, झाकण न ठेवता, मध्यम गॅसवर एका बाजूला आठ-दहा मिनिटं हलवू नका. आईकडे मी असंच करते, कड तशीच येते, फक्त उभं राहावं लागतं आणि एका वेळी चारपाचच फोडी होतात.

माझ्याकडून मशीनला ५ पैकी साडेतीन, एक मार्क आकड्यासाठी कापला आणि अर्धा ट्रेसाठी. घेणाऱ्यांनी दुकानातच प्लग लावून दाखवायला सांगा, दोन्ही रॉड पूर्ण लांबीला लाल होतात का बघा, दार बंद केल्यावर एका बाजूने फट राहत नाही ना ते कागद अडकवून बघा, कागद सहज ओढून निघाला तर दुसरा पीस मागा. आणि घरी ओट्याजवळ १६ अँपियरचा पॉवर प्लग आहे का ते आधी बघून घ्या, मिक्सरच्या छोट्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शनवर हे लावायचं नाही, आमचा पहिल्या आठवड्यात प्लग गरम होऊन पिवळा पडला होता, मग वायरमन बोलवून वेगळी लाईन टाकून घेतली.