वंचितांचा रंगमंच, ठाणे : नाट्यजल्लोष बघून आलो, त्याबद्दल

माझं ठाण्यात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, त्यामुळे या नाटकांशी माझी ओळख झाली ती आधी कागदावरच. एका संध्याकाळी ऐन गर्दीत चार पोरं आली, दोन मुलं दोन मुली, वय चौदा ते सतरा असेल, हातात वहीची फाडलेली अकरा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. काका नऊ कॉप्या कितीला पडतील? बावीस बाजू, दोन रुपयांनी एका कॉपीचे चव्वेचाळीस, नऊचे तीनशे शहाण्णव. त्यांच्याकडे होते दीडशे. बाजूला जाऊन कुजबुज केली आणि परत येऊन म्हणाले तीनच द्या, बाकीच्यांची आम्ही हाताने लिहून काढतो. एकशे बत्तीस झाले, उरलेल्या अठरा रुपयांची पेनं घेतली. लिहायचं होतं ना बाकीच्यांचं.

मशीनवर पान टाकताना डोळा फिरतोच, इतक्या वर्षांची सवय आहे. एका पानावर दिसलं, आई, पुढे दोन टिंबं, आणि पुढची ओळ कोरी. शेवटी कंसात बारीक अक्षरात "काहीच बोलत नाही". पुढच्या पानावर परत तसंच. मग अजून एकदा. मला वाटलं लिहायचं राहून गेलं असेल, म्हणून विचारलं, अगं हे आईचं वाक्य राहिलंय का? तर त्यातली मोठी मुलगी म्हणाली नाही काका, ती बोलतच नाही, तुम्ही बघायला या ना, नाट्यजल्लोष आहे आमचा.

गेलो. आणि आता ज्यांना ज्यांना हे माहीतच नाही त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय, कारण ठाण्यात पंचवीस तीस वर्षं राहिलेल्या माझ्या ओळखीच्या माणसांनाही हे नाव ऐकून माहीत नव्हतं.

तर वंचितांचा रंगमंच म्हणजे वस्त्यांमधली किशोरवयीन पोरं स्वतःच्या आयुष्यातला विषय घेऊन स्वतः नाटक लिहितात, स्वतः बसवतात आणि स्वतःच करतात. हे सुरू केलं रत्नाकर मतकरी सरांनी, साधारण 2014 पासून, ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर. ही तीच संस्था जी बिकट परिस्थितीतून दहावी पास होणाऱ्या पोरांना एकलव्य पुरस्कार देते, म्हणजे नव्वद टक्केवाल्यांचे सत्कार सगळेच करतात पण घरकाम करून, पेपर टाकून पन्नास साठ टक्के काढणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणारे हे लोक. मतकरी सर म्हणजे आपल्या सगळ्यांच्या लहानपणीचे, अलबत्या गलबत्यातली चेटकीण ज्यांनी लिहिली ते. आयुष्यभर मुलांसाठी नाटकं लिहिली त्या माणसाने आणि पंच्याहत्तरी ओलांडल्यावर मनात आणलं की आता मुलांनीच लिहायला पाहिजे, आणि तीही अशा मुलांनी ज्यांच्याकडे कोणी नाटकाचं नावही काढत नाही. मे 2020 मध्ये कोरोनाने ते गेले. पण काम थांबलं नाही हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे बऱ्याचदा माणूस गेला की त्याच्या मागे फक्त फोटो आणि हार उरतो.

आता नाटकाबद्दल. नाट्यजल्लोष म्हणजे या पोरांच्या नाटकांचा महोत्सव, प्रत्येक वस्तीचा आपापला गट असतो आणि एकामागून एक छोटी छोटी नाटकं होतात. सेट म्हणाल तर जवळपास नाहीच. एक स्टूल, एक ओढणी, एक रिकामा हंडा. ती ओढणी एका नाटकात आधी पदर झाली, मग बाळ झाली, मग शेवटी दोरी झाली आणि तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. विषय तुम्हाला अंदाज येईल तेच, दारू, पाण्याच्या रांगेतली मारामारी, शाळा सुटणं, सोळाव्या वर्षी लग्न ठरवणं, मोबाईल, गुटखा. पण हे विषय आपण टीव्हीवर बघतो तेव्हा त्यातला गरीब माणूस कसा बोलतो ते कोणीतरी बाहेरून ठरवलेलं असतं. इथे तसं नाही. इथे दारुडा बाप घरात येतो तो आधी चप्पल नीट जागेवर काढून ठेवतो, अगदी सरळ रेषेत, आणि मग हात उचलतो. हे ज्याने घरात बघितलंय त्यालाच सुचू शकतं.

आणि ती आई. माझ्या दुकानातून झेरॉक्स गेलेलं नाटक आलं तेव्हा मी जरा सरसावूनच बसलो. मुलगी नववीत, बापाने लग्न ठरवलंय, मुलगी आईला विचारते, तू सांग ना त्यांना. आई भांडी घासतेय. नुसते हात हलतायत, भांडं नाही हातात काहीच नाही, पण त्या पोरीने घासायचा वेग असा काही वाढवत नेला की आवाज यायला लागला असं वाटत होतं. दुसऱ्यांदा विचारते. तिसऱ्यांदा विचारते. आणि तिसऱ्या रांगेतून एक आजी मोठ्याने ओरडली, "अगं बोल की गं काहीतरी!" पूर्ण हॉल वळून बघायला लागला. स्टेजवरची पोरगी हलली नाही. हात चालूच. मला स्वतःला घशाशी आलं, खोटं कशाला बोलू.

नंतर मोठ्या मुलीला विचारलं मी की आईला शेवटी तरी एक वाक्य द्यायचं होतं. ती म्हणाली आम्ही दिलं होतं काका, "बास झालं आता" असं लिहिलं होतं, तालमीत दोन दिवस केलं पण, पण मग सगळे म्हणाले आपल्यापैकी कोणाची आई असं बोललीय का, तर कोणाचीच नव्हती, मग खोडलं.

आता मी हे एवढं का लिहितोय ते सांगतो. आपल्याकडे मराठीत नाटकात यायच्या वाटा ठरलेल्या आहेत. शाळेचं स्नेहसंमेलन, मग कॉलेजची एकांकिका. पुण्यात पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे, मुंबईतही स्पर्धा आहेत, आज आपण ज्यांना मोठे नट म्हणतो त्यातले कितीतरी तिथून आले. छान आहे, मला त्याचं कौतुकच आहे. पण त्या सगळ्या वाटेला एक दार आहे आणि त्यावर लिहिलंय कॉलेज. जो पोरगा नववीत शाळा सोडून गॅरेजवर लागला त्याने कुठे जायचं? शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो सहा ते चौदा वयापर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंत. त्यानंतर फी, क्लास, लांबची शाळा, घरातला खर्च, सगळं एकदम अंगावर येतं आणि नेमकं त्याच वयात पोरगं हातचं जातं. मी दुकानात बसून बघतो ना, आठवीपर्यंत वह्या घ्यायला येणारी पोरं नंतर दिसेनाशी होतात, आणि एक दिवस कोणाच्या तरी टेम्पोवर नाहीतर नाक्यावर दिसतात, ओळख देत नाहीत. मुलींचं तर त्याहून वाईट, त्या दिसतच नाहीत. लग्नाचं वय अठरा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, चाईल्डलाईनचा 1098 नंबर पण शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो, पण स्वतःच्या बापाविरुद्ध फोन लावायला सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात बळ कुठून यायचं. नाटकाने ते येतंच असं मी म्हणणार नाही. पण शंभर दोनशे लोकांसमोर उभं राहून तीच गोष्ट एकदा बोलून झाली की ती गोष्ट घरातली राहत नाही, सगळ्या वस्तीची होते, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

आणि वस्तीतून नाटक येणं यात नवीन काही नाही, आपण विसरलोय इतकंच. माझे वडील परळला गिरणीत होते, अमर शेखांचा आवाज त्यांनी मैदानात उभं राहून ऐकलेला, अण्णाभाऊंचे कार्यक्रम बघितलेले. आंबेडकरी जलसे होते. गिरणीतले कामगार पाळी संपवून नाटकाच्या तालमीला जायचे, कामगार कल्याणच्या स्पर्धेत उतरायचे, वडिलांनी स्वतः हवालदाराचं काम केलंय दोन वाक्यांचं आणि ती दोन वाक्यं मरेपर्यंत पाठ होती त्यांना. 1982 चा संप झाला आणि ते सगळं विस्कटलं. गिरण्या गेल्या तसं ते नाटकही गेलं, चाळीतली माणसं ठाणे, कळवा, डोंबिवली अशी पांगली आणि पुढच्या पिढीच्या वाट्याला नाटक म्हणजे तिकीट काढून बघायची गोष्ट राहिली. त्यामुळे त्या दिवशी ही पोरं बघताना मला वडील फार आठवले.

थोडं जे मला पटलं नाही ते पण सांगतो. बऱ्याच नाटकांच्या शेवटी कोणीतरी पुढे येऊन सरळ सांगतं की दारू सोडा, मुलींना शिकवा. मला वाटत होतं की इतकं सुंदर दाखवल्यावर परत सांगायची गरज नाही. हे मी नंतर त्या पोरांपैकी एकाला बोललो तर तो म्हणाला, "काका तुम्हाला कळलं, पण आमच्या गल्लीतले लोक बाप पडला तेव्हा हसत होते ना, त्यांना शेवटी बोलून सांगितलं नाही तर ते घरी जाऊन म्हणतील मस्त कॉमेडी होती." यावर मी काय बोलणार. नाटक कोणासाठी करतोय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ज्या नाटकात आई बोलत नाही त्यात शेवटचं भाषण नव्हतं आणि तेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं, हेही खरं, तेही सांगितलं मी त्याला.

तालमीचं पण थोडं लिहितो कारण लोकांना वाटतं कोणीतरी मोठा माणूस लिहून देतो आणि पोरं पाठ करतात. तसं नाहीये. पोरांनी मला सांगितलं ते असं की आधी नुसतं गोल बसून बोलायचं, आठवड्यात काय झालं, कोणाचं कोणाशी भांडण झालं, मग त्यातला एक प्रसंग उभं राहून करून बघायचा, कागद नाही काही नाही, तीन चारदा करून झाला की मग ज्याचं अक्षर बरं आहे तो लिहून काढतो. नाटकातली जाणकार ताई दादा मंडळी येऊन सांगतात की इथे पाठ होतेय प्रेक्षकांकडे, इथे आवाज पोचत नाही, पण वाक्य पोरांचंच. म्हणूनच त्या अकरा पानांवर तीन वेगवेगळी अक्षरं होती आणि एका जागी "ऱ्हस्व दीर्घ नंतर बघू" असं पण लिहिलेलं होतं. तालमीला जागा मिळणं हा मोठा त्रास असतो या वयाच्या कुठल्याही गटाला, कधी बालवाडीची खोली, कधी समाजमंदिर, कधी गच्ची, आणि गच्चीवर वारा असला की कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. त्यात एखाद्याची कामाची वेळ बदलते, एखादी मुलगी गावाला पाठवली जाते, मग तिचं काम ऐनवेळी दुसरीने करायचं. तीनच झेरॉक्स आणि बाकीच्यांनी हाताने उतरवून घेतलेलं असण्याचा फायदा असा की सगळ्यांना सगळ्यांचं पाठ होतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. मला तिकीट वगैरे काढावं लागलं नाही. दहा बारा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर जरूर न्या, मारहाण दारू हे विषय आहेत, पण पोरांनी ते ज्या समजुतीने दाखवलंय त्याने मुलं घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात, माझ्या पुतणीने घरी येईपर्यंत विचारले. पुढे बसा, कारण नवखी पोरं असतात, भावनेच्या भरात आवाज खाली जातो आणि मागे पोचत नाही. आणि पूर्ण थांबा. आपल्या वस्तीचं झालं की उठून जाणारे लोक मी बघितले, शेवटच्या गटाला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर त्यांना कसं वाटत असेल याचा विचार करा जरा. घोडबंदरच्या टॉवरमधून, नौपाड्यातून आलेले प्रेक्षक मला बोटावर मोजण्याइतके दिसले आणि त्याचं फार वाईट वाटलं. गडकरी रंगायतनला नाटकाचा बोर्ड लागला की आपण पाचशेचं तिकीट काढून जातो, तीच माणसं इथे आली पाहिजेत. पैसे द्यायचे असतील तर संस्थेला द्या, नसतील तर दोन तास द्या, तालमीला जागा असेल तर ती द्या.

स्टार द्यायचे म्हटले तर पाचपैकी पाच, आणि ते मी दया म्हणून देत नाहीये, त्या भांडी घासणाऱ्या हातांसाठी देतोय. एवढ्या वर्षांत मोठमोठ्या नाटकांत मी तसं काम बघितलेलं नाही.

आणि त्या पोरांपैकी कोणी हे वाचत असेल तर, पुढच्या स्क्रिप्टच्या नऊच्या नऊ कॉप्या माझ्याकडून, पैसे आणू नका. फक्त पानांवर नंबर टाकून आणा, मागच्या वेळी सात आणि आठ उलटसुलट झालं होतं, मी वाचून लावलं म्हणून बरं.