अहवालांचं कपाट की विचारण्याजोगी माणसं?

स्वयंसेवी संस्थेतलं शहाणपण जपायचं आहे, पण पैसा एकाच गोष्टीला पुरेल इतका आहे, असं झालं की दोन रस्ते समोर येतात. सगळे अहवाल, मॉड्यूल आणि मूल्यमापनं एका पोर्टलवर नीट लावायची, नाहीतर प्रश्नोत्तरांचा गट चालवून त्याला एक पगारी सूत्रधार द्यायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

पोर्टलच्या बाजूने बोलायचं तर माणसं जातात, फायली राहतात. प्रकल्पापुरता नेमलेला कार्यकर्ता प्रकल्प संपला की जातो, तेव्हा हा मुद्दा लहान नाही. करार, ऑडिट, बेसलाइनचा (म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या स्थितीचा) डेटा यांची जागा फायलीतच. शिवाय रात्री अकराला प्रस्ताव लिहिताना पोर्टल जागं असतं, सहकारी नसतात.

माझं बिनसलं ते दोन शब्दांवरून. एका पाणी समितीची देखभाल वर्गणी थकत चालली होती. कुणीतरी हे आधी निस्तरलं असणार म्हणून पोर्टल चाळलं. अहवाल सापडला, त्यात वाक्यही सापडलं: ‘वर्गणी वसुलीत सुरुवातीला अडचणी आल्या, त्यांवर मात करण्यात आली.’ करण्यात आली! कुणी केली, कशी केली? पुढच्या पानावर थेट प्रशिक्षणाचे फोटो. लिहिणाऱ्याला दोष देत नाही, असली वाक्यं मीही ढिगाने लिहिली आहेत. अहवाल निधी देणाऱ्यासाठी असतो, आणि पुढचा हप्ता यायचा असताना चुकांचा पाढा कोण वाचेल?

तोच प्रश्न गटात टाकला. दुसऱ्या दिवशी एका ताईंचं उत्तर आलं: महिन्याची वर्गणी बंद करून पीक विकल्यावर एकदम घेतो. आधी थकबाकीदारांची नावं फळ्यावर लिहिली होती, ती चूक झाली. दोन घरांनी बैठकीला येणंच सोडलं. मला हवी होती ती नेमकी ही चूक.

मोठ्यांचंही फार वेगळं दिसत नाही. १९९६ साली जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी बँकेला ‘ज्ञान बँक’ करण्याचं जाहीर केलं. २०१४ मध्ये बँकेच्याच अभ्यासकांनी आपल्या अहवालांचे डाउनलोड मोजले, तर सुमारे ३१ टक्के एकदाही कुणी उतरवून घेतलेले नव्हते.

गटाचीही दुखणी आहेत. तेच प्रश्न, तीच चार बोलकी माणसं, आणि व्हॉट्सॲपवर नेला तर वाढदिवसांच्या शुभेच्छांत सगळं वाहून जातं. म्हणून सूत्रधाराच्या पगारात काटकसर करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या भारतातल्या ‘सोल्यूशन एक्सचेंज’ या प्रश्नोत्तरांच्या गटांमध्ये आलेली उत्तरं एकत्र करून सभासदांना परत पाठवत. आम्ही ती पद्धत उचलली. त्यातूनही कागद तयार होतोच, फक्त तो कुणाच्या तरी खऱ्या प्रश्नातून निघालेला असतो.

तुमच्याकडे माणसं फारच वेगाने बदलत असतील तर कदाचित पोर्टलच बरं पडेल. घेणारच असाल तर प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि, त्याची हरकत नसेल तर, संस्था सोडल्यावरही लागेल असा फोन नंबर टाका. आम्ही टाकला, आणि पोर्टलचा वापर खरंच वाढला. लोक पहिलं पान उघडतात, नंबर घेतात आणि फोन लावतात.