ॲल्युमिनियमच्या होडीची गळती: पाच महिने खाडीत वापरल्यावर

दिवाळे गावच्या जेट्टीवर सगळ्या होड्या लाकडाच्या नाहीतर फायबरच्या. पत्र्याची एकच, आमची. बारा फुटी, रिव्हेटची (म्हणजे पत्रे धातूच्या ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेली), बाबांनी भंगारातून सोडवून आणलेली. तासाभरात तळात घोटाभर पाणी व्हायचं.

आधीच्या वर्षी आतून दोन भागांची इपॉक्सी पुटी थापली होती. दोन महिन्यांत पापुद्रे निघाले. दोष पुटीचा नाही. ढिला रिव्हेट प्रत्येक लाटेला हलतो आणि दगडासारखी कडक झालेली पुटी मग सुटते. शिवाय ॲल्युमिनियम घासलं की लगेच ऑक्साइड धरायला लागतं, आणि मी तर आदल्या दिवशी घासून ठेवलं होतं.

मे महिन्यात नीट केलं. होडी दोन घोड्यांवर (आधाराच्या तिवयांवर) चढवली, आत चार बोटं पाणी भरलं (जास्त नको, वजनाने तळ वाकतो) आणि बाबा टॉर्च घेऊन खाली आडवे झाले. थेंब रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी बारीक रिंगण धरतो, मगच खाली सुटतो. तिथे तिथे खडूची खूण. अकरा भरल्या.

तुर्भ्याला आर्गन वेल्डिंगवाल्याकडेही जाऊन आलो. त्याने काम घेतलंच नाही. पातळ पत्रा, सांध्यात वर्षांचं मीठ, आणि उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होणार. ‘एक बुजवीन, चार उघडतील,’ म्हणाला. अशी माणसं भेटावीत.

आठ रिव्हेट ठोकूनच घट्ट झाले: बाबांनी बाहेरून डोक्यावर जड घण टेकवून धरला, मी आतून हातोडी मारली. तीन पार झिजलेले, ते ड्रिलने काढून बंद टोकाचे पॉप रिव्हेट (आतला खिळा ओढला की फुगून घट्ट बसणारे) सीलंटमध्ये बुडवून बसवले. हे नागदेवी स्ट्रीटला मिळाले. घेताना आतला खिळाही ॲल्युमिनियमचाच आहे ना, बघा. स्टीलचा असला तर खाऱ्या पाण्यात त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. तांबं असलेला रंगही तळाला लावू नका, कारण तेच. मग स्टेनलेसचा ब्रश, ॲसिटोन, आणि लगेच त्यावर पॉलियुरेथेन सीलंट. पाच दिवस हात लावला नाही.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घातली, आता जानेवारी चालू आहे. आठवड्यातून तीन-चार फेऱ्या, ओहोटीला चिखलात बसणं, कालवांच्या खडकांवर घासणं, सगळं झालं. अकराच्या अकरा जागा कोरड्या आहेत. सीलंट रबरासारखं लवतं, म्हणूनच टिकलं. मात्र जिथे थेट ऊन लागतं तिथे ते खडूसारखं पांढरं पडलंय, त्यावर रंगाचा हात द्यायला हवा होता.

मागच्या फळीचा सांधा मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात झिरपतो, सकाळी टमरेलभर पाणी निघतं. तिथे मी बाहेरूनच सीलंट ओढलं होतं. येत्या मे महिन्यात तो सांधा उघडून आतून भरणार आहे.