फायनल फँटसी १६ : आठ महिने, दोन फेऱ्या आणि सोबतीची उणीव

फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेशी माझी ओळख दहाव्या भागापासूनची. २००१ सालचा तो गेम मी आतेभावाच्या घरी, प्लेस्टेशन २ वर, दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून फायनल फँटसी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती उजव्या कोपऱ्यातली यादी : पुढचा डाव कुणाचा, त्यानंतर कुणाचा. आणि आपल्या डावाला विचार करायला हवा तेवढा वेळ. उडणारा शत्रू आला की वाक्का पुढे, जेलीसारखा लिबलिबीत फ्लॅन आला की जादू करणारी लुलू, कडक पाठीचा आला की ऑरॉन. लढाई चालू असतानाच माणूस बदलता यायचा. त्या सात जणांपैकी एकही जण बिनकामाचा वाटला नाही.

सोळावा भाग जून २०२३ मध्ये आला, तेव्हा मी मुद्दाम लांब राहिलो. डाव नाही, पार्टी म्हणजे सोबत्यांची तुकडी नाही, सगळी लढाई एकट्या नायकाच्या, क्लाईव्हच्या तलवारीवर, हे ऐकूनच मन उडालं होतं. निर्माते नाओकी योशिदा मुलाखतींमध्ये सांगत होते की आजच्या तरुण खेळाडूंना आदेश निवडून लढण्यात गोडी वाटत नाही. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. आठ महिन्यांपूर्वी अखेर गेम घेतला. तेव्हापासून एक पूर्ण फेरी (साईड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची कामं, धरून साठेक तास) आणि त्यानंतर उघडणाऱ्या जास्त अवघड 'फायनल फँटसी मोड'मध्ये दुसरी फेरी झाली आहे. आता जे लिहितोय ते पहिल्या आठवड्याच्या रागातून नाही.

आधी लढाईबद्दल, कारण वाद तिथलाच आहे. ती रचली आहे र्योता सुझुकी यांनी, कॅपकॉम कंपनीत 'डेव्हिल मे क्राय ५' या वेगवान मारामारीच्या गेमवर काम केलेला माणूस, आणि ते हाताला लगेच जाणवतं. आयकॉन म्हणजे या जगातल्या महाशक्ती : गरुड, टायटन, रामूह वगैरे. क्लाईव्हला एका वेळी तीन आयकॉन सोबत घेता येतात, प्रत्येकाच्या दोन चाली, शिवाय त्याची एक खास करामत. गरुडाने शत्रूला खाली खेचायचं, टायटनने वार अडवून तिथल्या तिथे उलटवायचा, रामूहच्या विजेने लांबून मारा करायचा. शत्रूची स्टॅगरची पट्टी मारून मारून रिकामी केली की तो काही क्षण हतबल होतो, आणि त्या क्षणांसाठी कोणत्या चाली राखून ठेवायच्या हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे विचार आहेच, फक्त तो लढाईच्या आत करायचा नाही, लढाईला जाण्याआधी करून ठेवायचा. हे कळायला मला तीन आठवडे लागले. मग रोज ऑफिसातून आल्यावर अर्धा तास गेममधल्या सरावाच्या दगडापाशी जायला लागला. चाली शिकायला खर्चलेले गुण हवे तेव्हा परत घेऊन दुसरीकडे लावता येतात, त्याला काही खर्च नाही, त्यामुळे प्रयोग करायला भीती वाटत नाही.

पण ड्रेक्स ब्रेथ या ठिकाणी लिक्विड फ्लेम समोर आला, तेव्हा मी अडखळलो. धगधगत्या आगीचा बनलेला शत्रू. वीस वर्षांच्या सवयीने मी फिनिक्स, म्हणजे आगीचा आयकॉन, बाजूला ठेवला. आगीवर आग कशी चालेल? गरुड आणि रामूह घेऊन बराच वेळ झुंजलो. मग चुकून फिनिक्सचा वार बसला, आणि नुकसान व्हायचं तेवढं व्यवस्थित झालं. या गेममध्ये आग, बर्फ, वीज यांचं एकमेकांशी काही वैर नाही. रंग वेगळे, परिणाम तोच. लढाईचा वेग वाढला याबद्दल माझी तक्रार नाही. 'बर्फाच्या प्राण्याला आग' हे मालिकेतलं लहान मुलालाही कळणारं शहाणपण काढून टाकलं, त्याबद्दल आहे. ते वेगवान लढाईतही सहज राहिलं असतं. २०२०च्या सातव्या भागाच्या रीमेकमध्ये ते आहे, आणि तिथली लढाईही वेगवानच आहे.

दुसरं दुखणं जिलचं. जिल स्वतः शिवा या बर्फाच्या आयकॉनची धनी आहे, म्हणजे या जगातल्या सर्वांत मोठ्या शक्तींपैकी एक तिच्या अंगात आहे. कथेत ती क्लाईव्हचा अर्धा जीव आहे. पण मारामारी सुरू झाली की ती बाजूला कुठेतरी आपल्या आपण लढत असते. तिच्या हाती मी काही देऊ शकत नाही, तिच्यावर माझं काही अवलंबूनही नाही. मला हुकूम देता येतात ते फक्त टॉरगलला, आणि तो कुत्रा आहे. (गुणी आहे. मधूनमधून तोच जखमा भरून देतो, आणि दुसऱ्या फेरीत त्याला वेळेवर सोडायची युक्ती जमली तेव्हा फार आनंद झाला.) कथा सांगते की एकट्याने जग बदलत नाही, आणि हात मात्र साठ तास एकट्यानेच लढतात.

मालिका बदलते म्हणून रागावणाऱ्यांना मी आता तेवढी साथ देत नाही. १९९१च्या चौथ्या भागात घड्याळ चालू ठेवून लढायची पद्धत आली, बाराव्या भागात सोबत्यांचे नियम आधी लिहून ठेवायचे होते, पंधरावा तर उघडउघड धावपळीचा होता. एकसारखी ती कधीच नव्हती. उलटी गोष्टही घडली आहे. याकुझा मालिका वर्षानुवर्षं मुठीने मारामारी करायची आणि २०२०च्या 'लाईक अ ड्रॅगन'मध्ये ती डावांवर आली. चाहते आधी बिथरले, पण नायक इचिबान हा ड्रॅगन क्वेस्ट या डावांच्या गेमचा वेडा, त्यामुळे ती लढाई त्याच्याच डोक्यातून निघाल्यासारखी वाटली आणि रुजली. आणि तरुणांना डाव नको म्हणावं, तर ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला, एप्रिल २०२५ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्युर'. दोन्ही डावांचे, दोन्ही लोकांनी डोक्यावर घेतले.

माझा भाचा चौदा वर्षांचा. त्याने सोळावाच आधी खेळला. टायटनशी होणारी ती डोंगराएवढी लढाई तो श्वास रोखून खेळला, आणि मासायोशी सोकेन यांचं संगीत चालू असताना मला बोलूही देईना. मग दहाव्या भागाची सुधारित आवृत्ती लावून दिली. पहिल्या फ्लॅनवर त्याने नायक टीडसची तलवार चार वेळा चालवून पाहिली, काही फरक पडेना.
"मामा, हा मरत का नाही?"
"यादी बघ. कोण मोकळं आहे?"
बराच वेळ बघत बसला. मग लुलूला बोलावलं.

कुणी घेऊ का विचारलं तर मी हो म्हणतो. बोटं चपळ नसतील तर सुरुवातीलाच मिळणाऱ्या अंगठ्या वापरा. वेळ मंद करून वार चुकवायला मदत करणारी एक आहे, तिने मला पहिल्या महिन्यात तारलं. मधला भाग सामान पोहोचवण्याच्या कामांनी रेंगाळतो, तिथे धीर धरा. शेवटच्या टप्प्यातल्या साईड क्वेस्ट मात्र एकही सोडू नका. आणि आधी मोफत डेमो खेळा. क्लाईव्हच्या लहानपणाचा तो दोनेक तासांचा भाग आहे, आणि पुढे गेम घेतलात तर तिथूनच पुढे खेळता येतं.