टीम फोर्ट्रेस २: मेडिकच्या चार गनांपैकी कोणती घ्यावी?

टीम फोर्ट्रेस २ या शूटर गेममध्ये नऊ क्लास, म्हणजे खेळाडूने निवडायच्या भूमिका आहेत (सोल्जर, डेमोमॅन, हेवी, पायरो वगैरे), पण इतरांना हील करणं, म्हणजे त्यांची हेल्थ भरून देणं, हेच ज्याचं मुख्य काम आहे असा एकच, मेडिक. इतर शूटर गेममध्ये 'कोणता हीलर घेऊ?' असा प्रश्न पडतो, तो इथे 'मेडिकच्या हातात कोणती गन देऊ?' असा पडतो. २००७ साली गेम आला तेव्हा साधी मेडीगन एवढी एकच होती. एप्रिल २००८ मध्ये क्रिट्झक्रीग आली, जून २०११ मध्ये क्विक-फिक्स आणि जून २०१२ मध्ये व्हॅक्सिनेटर. हील करणारा किरण चौघींचाही सारखाच, पण हील करताना साठणारा चार्ज वापरायची वेळ आणि पद्धत इतकी निराळी की एका गनवर बसलेला हात दुसरीवर चुकतोच.

क्रमवारी आधीच सांगून टाकतो: पहिली मेडीगन, दुसरी क्रिट्झक्रीग, तिसरी व्हॅक्सिनेटर, चौथी क्विक-फिक्स. तिसऱ्या-चौथ्या जागेवरून वाद होतो, आणि तो रास्त आहे. आकडे असे (पेशंट म्हणजे ज्याच्यावर किरण धरला तो, ओव्हरहील म्हणजे कमाल हेल्थच्या वर चढवलेली हेल्थ):

| | मेडीगन | क्रिट्झक्रीग | व्हॅक्सिनेटर | क्विक-फिक्स |
|---|---|---|---|---|
| हील, दर सेकंदाला | २४ | २४ | २४ | ३३.६ |
| ओव्हरहीलची मर्यादा | १५०% | १५०% | १५०%, पण फार सावकाश चढतो | १२५% |
| पूर्ण चार्जला वेळ | ४० सेकंद | ३२ सेकंद | २४ सेकंद (चार भाग, प्रत्येकी ६) | सुमारे ३६ सेकंद |
| चार्ज सोडल्यावर | ८ सेकंद दोघांनाही इजा नाही | ८ सेकंद पेशंटचा प्रत्येक फटका क्रिट (तिप्पट मार) | एका भागात २.५ सेकंद, निवडलेल्या प्रकारचा मार ७५% कमी | ८ सेकंद तिप्पट हील, धक्का लागत नाही |

हीलचे आकडे नुकता मार खाल्लेल्या खेळाडूसाठी आहेत. शेवटचा फटका बसून १० सेकंद झाले की वेग वाढू लागतो आणि १५ सेकंदांना तिप्पट होतो, म्हणजे साध्या मेडीगनने सेकंदाला ७२. म्हणून आडोशाला थांबलेला जखमी हेवी चारेक सेकंदांत भरून निघतो, तर समोर लढत असलेला सोल्जर तेवढ्याच वेळात शंभरीही गाठत नाही. दोघांनी एकदम 'मेडिक!' म्हणून हाक मारली, तर आडोशातल्याला झटपट उरकून लढणाऱ्याकडे वळणं बहुतेक वेळा फायद्याचं. लढणारा पुढच्या सेकंदाला मरणार असेल तर अर्थात आधी तोच.

चार्जचा वेगही पेशंटवर अवलंबून असतो. पेशंटची हेल्थ कमालच्या १४२.५% च्या वर गेली की साध्या मेडीगनचा चार्ज निम्म्या वेगाने भरतो. २०० हेल्थच्या सोल्जरला ही रेघ २८५ वर लागते. एकाच हेवीला चिकटून बसणारा मेडिक ४० सेकंदांचं काम ८० सेकंदांत करतो, आणि वर टीमचे बाकीचे सगळे अर्धमेले असतात. किरण फिरवत ठेवायचा.

मेडीगन

नवा खेळाडू असो की जुना, कुठली गन घ्यावी याबद्दल शंका असेल तर हीच. कारण सेंट्री, म्हणजे इंजिनिअरने उभारलेली आपोआप गोळ्या मारणारी तोफ. या गेममध्ये टीम अडकून पडते ती बहुतेक वेळा इंजिनिअरच्या तिसऱ्या लेव्हलच्या सेंट्रीपुढे, आणि तिच्यासमोर सरळ चालत जाता येईल असा चार्ज फक्त मेडीगनचा. आठ सेकंद गोळी, रॉकेट, आग, हेडशॉट, बॅकस्टॅब (स्पायने पाठीत खुपसलेला सुरा), कशानेच इजा होत नाही.

इजा होत नाही, पण धक्का लागतो, आणि निम्मे उबर (मेडीगनचे चार्ज) तिथेच वाया जातात. सेंट्रीच्या गोळ्या पेशंटला मागे रेटतात आणि डेमोमॅनचा नेम हलतो. उपाय असा की मेडिकने स्वतः पुढे व्हायचं. सेंट्री सहसा जवळचं लक्ष्य धरते, त्यामुळे रेटा मेडिक खातो आणि मागचा डेमोमॅन निवांत स्टिकी (चिकटणारे बॉम्ब) टाकतो. दुसरा शत्रू पायरो. त्याच्या एअरब्लास्टने (हवेच्या झोताने) पेशंट एकीकडे आणि मेडिक दुसरीकडे गेला की किरण तुटतो. पायरो दिसला तर पहिले दोन सेकंद त्याच्यावर खर्च करा, सेंट्री कुठे पळून जात नाही.

आठ सेकंद कसे जातात तेही पाहून ठेवा. तिसऱ्या लेव्हलच्या सेंट्रीची हेल्थ २१६, एका स्टिकीचा मार १२०. दोन स्टिकींत काम संपलं पाहिजे. पण इंजिनिअरच्या हातात रँग्लर (सेंट्री स्वतः चालवायचं यंत्र) असेल तर त्याच्या ढालीमुळे मार तिसऱ्या हिश्शावर येतो, स्टिकीमागे जेमतेम ४०. म्हणजे सहा स्टिकी. स्टिकी ०.६ सेकंदाला एक सुटते, सहांना साडेतीन सेकंद, वर शेवटची फुटण्याजोगी होईपर्यंत पाऊण सेकंद. वेळ पुरतो, पण वाटचालीत चार सेकंद घालवलेत तर नाही. म्हणून चार्ज सोडायची जागा कोपऱ्यावरच: नजरेच्या टप्प्यात येण्याआधी एक पाऊल. आणि सोडण्यापूर्वी पेशंटच्या बंदुकीत गोळ्या भरलेल्या आहेत का, हे विचारून घ्या. रिकाम्या लाँचरचा डेमोमॅन घेऊन निघालेला उबर म्हणजे शत्रूला फुकटची करमणूक.

उशीर केला तर काय होतं हेही सोपं आहे. मेडिकची हेल्थ १५०, आणि स्नायपरचा चार्ज न केलेला हेडशॉट बरोब्बर १५०. ओव्हरहील नसेल तर एका गोळीत मेडिकही गेला आणि ४० सेकंदांची कमाईही.

एक मर्यादा लक्षात असू द्या: उबर चालू असताना त्या दोघांना पॉइंट (नकाशावरची ताब्यात घ्यायची जागा) कॅप्चर करता येत नाही. पॉइंट मोकळा करणं त्यांचं, त्यावर उभं राहणं इतरांचं.

क्रिट्झक्रीग

हिच्यात संरक्षण अजिबात नाही. मिळतो तो फक्त मार. क्रिट म्हणजे मूळ माराच्या तिप्पट आणि लांबून मारलं तरी घट नाही. ९० चं रॉकेट २७० चं होतं. २७० मध्ये ओव्हरहील केलेला डेमोमॅन (२६०), मेडिक (२२५) आणि स्काउट (१८५) एकेका थेट रॉकेटात जातात. ओव्हरहील केलेला सोल्जर ३०० वर असतो, त्याला वर थोडा मार लागतो. डेमोमॅनची स्टिकी थेट बसली तर ३६०.

पेशंट कोण निवडायचा? डेमोमॅन. सोल्जरच्या लाँचरमध्ये चार रॉकेटं, ती तीनेक सेकंदांत संपतात आणि मग एकेक रॉकेट भरत बसण्यात तुमचा चार्ज जळतो. डेमोमॅनच्या लाँचरमध्ये आठ स्टिकी, सलग पावणेपाच सेकंद पुरतात आणि उरलेल्या वेळाला ग्रेनेड आहेतच. हेवीला दिला तरी चालतं, पण तो हळू आहे आणि त्याच्या मिनीगनची चमक पाहून शत्रू आडोशाला जायला वेळ मिळतो.

क्रिट्झची खरी कमाई घड्याळात आहे. दोन्ही टीमचे मेडिक एकाच वेळी शून्यावरून सुरू झाले, तर क्रिट्झ ३२ सेकंदांना तयार आणि समोरची मेडीगन ४० ला. मधले आठ सेकंद तुमचे. त्यात घुसलात तर समोरच्याकडे उत्तर नसतं. आठ सेकंद ओलांडून घुसलात तर तो उबर सोडून उभा राहतो आणि तुमचे आठ सेकंद काहीही न मारता संपतात. म्हणून क्रिट्झ घेतल्यावर शत्रूचा मेडिक शेवटचा कधी मेला, हे डोक्यात ठेवावंच लागतं. ज्याला हा हिशेब ठेवायचा कंटाळा आहे त्याने मेडीगनच घ्यावी.

आणि इमारतींवर क्रिट चालत नाही! सेंट्रीला क्रिट रॉकेटचा मार साध्या रॉकेटइतकाच बसतो. सेंट्रीपुढे अडकलेल्या टीमसाठी क्रिट्झ काढणं ही सार्वजनिक सर्व्हरवरची सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ही गन मोकळ्या मैदानाची, किंवा बचावाची. पेलोडमध्ये (एका टीमने गाडी ढकलत न्यायचा खेळप्रकार) ब्लू टीम गाडीभोवती गोळा झालेली असताना रेड डेमोमॅनला दिलेला क्रिट्झ एका झटक्यात चार-पाच जण उडवतो.

व्हॅक्सिनेटर

हिच्याबद्दल मतं टोकाची आहेत. गोळी, स्फोट आणि आग यांपैकी एक प्रकार निवडायचा. किरण चालू असेपर्यंत त्या प्रकारचा मार १०% कमी. चार्जचा एक भाग, म्हणजे एक ढाल, सोडली की २.५ सेकंद ७५% कमी, आणि त्या प्रकारचा क्रिट क्रिटच राहत नाही.

शेवटच्या वाक्याचा अर्थ आकड्यांत पाहा. क्रिट रॉकेट २७० चं. स्फोटाची ढाल लागली की ते आधी ९० वर येतं आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे साडेबावीस. स्नायपरने पूर्ण चार्ज करून मारलेला ४५० चा हेडशॉट गोळीच्या ढालीपुढे साडेसदतीसवर येतो. समोर चांगला स्नायपर बसलाय आणि टीममध्ये हेवी आहे, एवढं जुळलं की व्हॅक्सिनेटर बाकी तिघींना मागे टाकते. सहा सेकंदांना एक ढाल तयार होत असल्यामुळे चार्ज राखून ठेवायची घालमेलही नाही.

मग तिसरी का? प्रकार बदलायचा तो रीलोडच्या कळीने, आणि क्रम एकाच दिशेने फिरतो: गोळी, स्फोट, आग, परत गोळी. स्फोटावरून गोळीवर यायला दोनदा दाबावं लागतं. सोल्जर आणि स्काउट एकदम अंगावर आले की घाईत कळ एकदा कमी दाबली जाते आणि आगीची ढाल घेऊन माणूस गोळ्यांनी मरतो. हाताने मारलेल्या वाराला तर कुठलीच ढाल लागत नाही, त्यामुळे स्पायचा बॅकस्टॅब नेहमीसारखाच चालतो. तिसऱ्या लेव्हलची सेंट्री गोळ्याही मारते आणि रॉकेटंही, तिच्यासाठी दोन ढाली एकदम सोडाव्या लागतात आणि अडीच सेकंदांत कुठे पोचणार? ओव्हरहील सावकाश चढतो आणि ओव्हरहील झालेल्या पेशंटवर चार्जही मंदावतो, म्हणजे लढाई सुरू होण्यापूर्वी टीम तयार करायला ही गन वाईटच.

स्पर्धात्मक लीगमध्ये खेळायचा विचार असेल तर आधी त्या लीगची बंदी-यादी पाहा. व्हॅक्सिनेटरवर बंदी घालणाऱ्या लीग कमी नाहीत. तिच्यावरच महिनोन्महिने हात बसवला आणि नंतर ती वापरताच येत नाही, असं व्हायला नको.

क्विक-फिक्स

नुसतं हील पाहिलं तर हीच सगळ्यात जोरदार, म्हणून नवे खेळाडू हिच्याकडे ओढले जातात. अडचण चार्जमध्ये आहे. तिप्पट हील म्हणजे लढत्या पेशंटला सेकंदाला सुमारे १००. जवळून स्काउटची स्कॅटरगन एका गोळीत शंभराच्या आसपास मार देते आणि सेकंदाला दीडहून जास्त गोळ्या सुटतात. म्हणजे नेम असलेला एक स्काउट तुमच्या आठ सेकंदांच्या चार्जला पुरून उरतो. तिसऱ्या लेव्हलच्या सेंट्रीचं तर बोलायलाच नको. ओव्हरहीलही १२५% वर थांबतो, सोल्जर ३०० ऐवजी २५० वर.

तिची जागा आहे किंग ऑफ द हिलमध्ये, म्हणजे एकच पॉइंट ताब्यात ठेवायच्या खेळप्रकारात. चार्ज चालू असताना पॉइंट कॅप्चर करता येतो, धक्का लागत नसल्यामुळे पायरो तुम्हाला पॉइंटवरून ढकलू शकत नाही. शिवाय सोल्जरने रॉकेट जंप (स्वतःच्याच रॉकेटच्या धक्क्याने उंच उडी) मारली की क्विक-फिक्सवाला मेडिक त्याच्याबरोबर हवेत जातो. हे बाकीच्या गनांना जमत नाही. पेशंट वेगवान असेल तर त्याच्या वेगाने धावणं मात्र आता चौघींनाही जमतं.

बरोबरची शस्त्रं कुठल्याही गनबरोबर तीच ठेवली तरी चालतात: क्रुसेडर्स क्रॉसबो आणि उबरसॉ. क्रॉसबोचा बाण मित्राला अंतरानुसार ७५ ते १५० हेल्थ देतो, लांबच्याला जास्त. उबरसॉचा एक फटका २५% चार्ज देतो. मेडीगनवर ते दहा सेकंदांचं काम, व्हॅक्सिनेटरवर एक अख्खी ढाल. पण त्यासाठी मेडिकने शत्रूच्या मागे धावू नये. फटका मारायचा तो पळायला जागा नसेल तेव्हाच. सेटिंगमध्ये बटण धरून न ठेवता किरण चालू राहण्याचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करा. बोट मोकळं राहिलं की मान मागे वळते आणि स्पाय दिसतो.

टीममध्ये मेडिक घ्यायला कुणीच तयार नसेल तर इंजिनिअरचा डिस्पेन्सर ही तात्पुरती सोय. लेव्हलप्रमाणे सेकंदाला १०, १५ आणि २० हेल्थ, एका वेळी जवळच्या अनेकांना, गोळ्याही भरून मिळतात. पण ओव्हरहील नाही, आणि डिस्पेन्सर टीमबरोबर पुढे चालत येत नाही.

गेम फुकट आहे आणि मेडीगन पहिल्या दिवसापासून हातात असते. मेडिकच्या यादीतल्या १६ अचिव्हमेंट पूर्ण झाल्या की क्रिट्झक्रीग मिळते. बाकी दोन खेळताना सापडतात किंवा खेळाडूंशी अदलाबदल करून मिळतात. साध्या शस्त्राला साधं शस्त्र हाच चालू भाव आहे, त्यामुळे दुकानातून पैसे देऊन घ्यायची गरज नाही. चारही जमल्या की प्रत्येकीसाठी वेगळा लोडआउट (शस्त्रांचा संच) लावून ठेवा. मात्र मॅच चालू असताना गन बदलली की साठलेला चार्ज जातो. म्हणून बदलायची ती सेटअपच्या (लढाई सुरू होण्यापूर्वीच्या तयारीच्या वेळेच्या) पहिल्या काही सेकंदांत, किंवा नुकतेच मेल्यावर, चार्ज शून्य असताना.