वसंतातली कयाक मासेमारी: खाडी की खुला समुद्र?

हिवाळा सरला की हात शिवशिवतात. पण कयाकची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीची, पहिली फेरी कुठे मारायची? माझं मत सरळ आहे: सुरुवातीचे काही आठवडे खाडीच.

कारण पाण्याचं तापमान. उथळ पाणी लवकर तापतं, त्यात तळाचा काळा चिखल ऊन शोषून घेतो. दुपारची ओहोटी सुरू झाली की ते कोमट पाणी अरुंद चरांमधून खाली उतरतं, सोबत कोळंबी आणि बारीक मासळी आणतं. चराच्या तोंडाशी कयाक आडवी धरून बसा. पाण्यावर आधी बारीक थरथर दिसते, मग एकदम खळबळ. आमिष तिथेच टाकायचं, आणि सावकाश ओढायचं. गार पाण्यातला मासा फार पाठलाग करत नाही. फक्त ओहोटीची वेळ चुकवू नका, नाहीतर चिखलात अडकाल. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी झपाट्याने ओसरतं.

खुल्या समुद्रात मासा मोठा मिळू शकतो, खोलीही भरपूर. पण हवा उबदार झाली तरी तिथलं पाणी अजून थंडगार असतं, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने काढून घेतं. म्हणून कपडे पाण्याच्या हिशेबाने घालायचे, हवेच्या नव्हे. लाइफ जॅकेट दोन्हीकडे हवंच. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर किनाऱ्यापाशी पाणी शांत दिसतं, परतताना मात्र प्रत्येक वल्ह्याला झुंजावं लागतं. अशा दिवशी मी बाहेर जात नाही.