डोंगरवाटांसाठी नाशिक : मुक्काम, जेवण आणि भटकंतीचा लेखाजोखा

नाशकात उतरायचे कुठे, हा प्रश्न हॉटेलांच्या यादीवरून सोडवायला बसले की बहुधा घोळ होतो. पहाटे कोणत्या रस्त्याने शहराबाहेर पडायचे आहे ते आधी ठरवावे आणि मग त्या रस्त्याला खोली शोधावी. त्र्यंबकचा रस्ता पश्चिमेला, पेठ आणि दिंडोरीचे रस्ते उत्तरेला, निफाडचा पूर्वेला आणि पांडवलेणी मुंबईच्या रस्त्याला, अशी भटकंतीची ठिकाणे चहूकडे विखुरलेली आहेत आणि महामार्गावरचा द्वारका चौक सकाळी नऊनंतर ओलांडायचा म्हणजे चढाईच्या आधीच दमछाक करून घेण्यासारखे आहे. तीर्थक्षेत्र म्हणून आणि वाइनचे शहर म्हणून नाशिकवर पुष्कळ लिहिले जाते. येथे विचार केला आहे तो पायांत बूट आणि पाठीवर पिशवी घेऊन येणाऱ्या पाहुण्याचा, जो एरवी सुट्टी मिळताच कोकणाचा किनारा गाठतो आणि ज्याला एखाद्या वर्षी घाटमाथ्याच्या अलीकडे राहून पाहायचे आहे.

पावसाळ्यात किंवा पाऊस ओसरताना येणाऱ्याने मुक्काम पश्चिमेलाच करावा, कारण पाहण्यासारखे बहुतेक त्याच बाजूला असते. गंगापूर रस्ता आणि कॉलेज रोड या भागांत मध्यम दराची पुष्कळ हॉटेले आहेत, रात्री उशिरा जेवण मिळते आणि पहाटे वीस-पंचवीस मिनिटांत शहर मागे पडते. गंगापूर धरणाच्या काठी राहायचे असल्यास महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे. त्याची जागा उत्तम आहे, शेजारीच महामंडळाचा बोट क्लब आहे आणि पश्चिमेकडे तोंड करून बसल्यास सूर्यास्ताचे पाणी समोर असते. त्र्यंबकेश्वर गावात शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास आहे. साधी, स्वच्छ खोली आणि लवकर निजून लवकर उठणाऱ्यांची सोबत एवढीच अपेक्षा असेल, तर ब्रह्मगिरीचा डोंगर किंवा हरिहर किल्ला चढू पाहणाऱ्याला त्याहून सोयीची जागा सापडणे कठीण आहे. पंचवटीतल्या धर्मशाळा आणि लॉज स्वस्त आहेत आणि गोदाघाट पायाखाली येतो; मात्र तेथे गाडी उभी करायला जागा मिळणे नशिबावर असते, आणि 2027 च्या सिंहस्थाची कामे जसजशी वेग घेतील तसतशी ही अडचण वाढणारच आहे.

धरणाच्या परिसरातल्या तंबू-मुक्कामांबद्दल मात्र सावधपणे सांगावे लागेल. अशाच एका ठिकाणी एप्रिलमध्ये राहण्याचा योग आला. जाहिरातीतल्या छायाचित्रात तंबूच्या दारापर्यंत पाणी होते; प्रत्यक्षात पाणी पार मागे सरकले होते आणि मधल्या भेगाळलेल्या गाळात गुरे चरत होती. गंगापूर धरणावर शहराची तहान भागते, तेव्हा उन्हाळ्यात पाणी आटणार, यात कोणाचा दोष नाही. दोष होता तो ऑगस्टचे छायाचित्र दाखवून एप्रिलची खोली विकण्याचा, आणि त्यावर कडी म्हणजे मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या ध्वनिक्षेपकाचा. म्हणून तंबू ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : सध्या पाणी कुठवर आहे, आणि गाणी किती वाजता बंद होतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हसून टाळले गेले, तर सरळ दुसरी जागा पाहावी.

आता भटकंती. पहिल्या सकाळी कोठे जावे, असे विचारल्यास आमचे उत्तर अंजनेरी हेच राहील. त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटरवर अंजनेरी गाव लागते. गावाच्या आसपास यादवकाळातल्या मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत आणि तेथून वर, एका घळीतल्या पायऱ्यांनी, विस्तीर्ण पठारावर पोचता येते. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून भाविकांची ये-जा असते, त्यामुळे वाट चुकण्याचे भय नाही. मात्र बहुतेक लोक अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत जातात आणि मागे फिरतात. पठार खरे पाहायचे ते पायांखाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येथे रानफुलांचा बहर असतो आणि त्यातच या डोंगराचे नाव धारण करणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात वाढते. गवतात पाय टाकताना हे ध्यानात ठेवावे. छायाचित्रासाठी गवतावर लोळणारी मंडळी पाहिली की या वनस्पतीच्या चिवटपणाचे कौतुक वाटते. कड्याच्या बाजूने आभाळाकडे लक्ष ठेवले तर गिधाडेही दिसतात.

हरिहरचे म्हणाल, तर किल्ला अप्रतिम आहे आणि शनिवार-रविवारी तेथे जाऊ नये, ही दोन्ही विधाने सारखीच खरी आहेत. हर्षेवाडी किंवा निरगुडपाडा येथून चढाई सुरू होते आणि सोंडेवरून चालत गेल्यावर समोर कातळात कोरलेला तो प्रसिद्ध जिना उभा राहतो. छायाचित्रात तो भिंतीसारखा उभा दिसतो. प्रत्यक्षात त्याचा चढ अंगावर येतो खरा, पण प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना बोटे अडकवण्यासाठी खोबण्या कोरलेल्या आहेत आणि शेकडो वर्षांच्या वापराने त्या इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत, की हात आपसूक तेथेच पडतो. दरवाजातून आत गेल्यावर कातळाच्या पोटातून वाकून जाणारी अरुंद वाट येते आणि पुन्हा पायऱ्या लागतात. चढणे अवघड नाही. अवघड आहे ते उतरणे, तेही समोरून माणसांची रांग वर येत असताना. जिन्याची रुंदी एका वेळी एकाच दिशेला पुरेशी असल्याने पावसाळी रविवारी वरचे आणि खालचे दोघेही अडकून पडतात आणि ओल्या दगडावर हे अडकणे जिवावर बेतू शकते. गर्दी आवरण्यासाठी अधूनमधून निर्बंधही लागतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. मधल्या वारी, ऑक्टोबरच्या कोरड्या सकाळी हा किल्ला करावा. याच अटीवर आमची शिफारस आहे.

ज्यांना एवढा सायास नको, किंवा ज्यांच्याबरोबर मुले आणि वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी शहराच्या उत्तरेला आशेवाडीजवळचा रामशेज पाहावा. उंची बेताची, पायऱ्या सोप्या, वर रामाचे मंदिर आणि भोवती शेतीचा मोकळा मुलूख. याच लहानशा किल्ल्याने संभाजी महाराजांच्या काळात, 1682 पासून, मुघल फौजांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही, हे माथ्यावर उभे राहिल्यावर अधिकच नवलाचे वाटते. कारण या गडाला ना फार उंची आहे ना भोवती अरण्य.

पांडवलेण्यांना लोक 'जाता जाता' भेट देतात, हे त्या लेण्यांवर अन्याय करणारे आहे. त्रिरश्मी डोंगरातल्या या 24 बौद्ध लेण्यांपर्यंत पोचायला पायऱ्यांची थोडी चढण पुरते. सकाळी लवकर गेल्यास सावली असते आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख शांतपणे पाहता येतो. आपल्या पुत्राचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम त्या मातेने येथे कोरवून घेतले. आणि ज्या क्षहरात या शक घराण्याचा त्याने पाडाव केला, त्यातल्या नहपान राजाच्या जावयाचे, उषवदाताचे, दानलेख थोड्याच अंतरावर दहाव्या लेण्यात आहेत. एकमेकांचे वैरी एकाच डोंगरावर भिक्षूंना दान देताना दिसतात, असे दृश्य महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. अक्षरे वाचता येत नसली तरी हरकत नाही, पण माहिती देणारा कोणी बरोबर असल्यास तासभर कसा जातो ते कळत नाही.

थंडीत येणाऱ्याने मात्र डोंगर थोडा बाजूला ठेवून पूर्वेची वाट धरावी. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. 2020 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि हा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातले पहिलेच ठिकाण ठरले. सूर्योदयाला मनोऱ्यावर हजर राहायचे असेल, तर शहरातून अंधारातच निघावे लागते, आणि निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या ज्या दिवसांत येतात, त्याच दिवसांत पक्षीही सर्वाधिक असतात. तेव्हा कानटोपीला लाजू नये. चक्रवाक, चमचे, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या सहज दिसतात. रोहित (फ्लेमिंगो) येतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवून जाऊ नये. स्थानिक मार्गदर्शक अवश्य घ्यावा. आपल्याला नुसता चिखल दिसतो, तेथे त्याला पाणलाव्याची चोच दिसते. गंगापूर रस्त्यावरून हे अंतर नको तेवढे लांब पडते, म्हणून पक्षी पाहण्याचा बेत असल्यास द्वारकेच्या पूर्वेला, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला खोली घेणे शहाणपणाचे.

जेवणाचा विषय निघाला की नाशिककर मिसळीवर येतो आणि तेथेच थांबतो. ती ख्याती अनाठायी नाही. येथील मिसळीत कोल्हापूरचा जाळ नसतो. काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, वर शेव, शेजारी पापड आणि दह्याची वाटी, असा तिचा थाट असतो. पापड चुरून रस्स्यात टाकायचा की वेगळा खायचा, यावर घराघरांत मतभेद आहेत. साधना येथील चुलीवरची मिसळ बाहेरगावच्या पाहुण्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे आणि मोकळ्या आवारामुळे मुलाबाळांसह जाणाऱ्यांना ती सोयीची पडते. मात्र अलीकडे शहराभोवती बागेतल्या मिसळींचे पेवच फुटले आहे आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी झोपाळे, ससे आणि बैलगाडी यांच्या गडबडीत रस्सा पातळ होत चालला आहे. रविवारी साडेनऊनंतर जाणाऱ्याला रांग चुकत नाही. गड उतरून भुकेने अकराला जाण्यापेक्षा मिसळ दुसऱ्या दिवशी आठला खावी, हे बरे.

जुन्या नाशकात एक संध्याकाळ पायी फिरावी. मेन रोडच्या परिसरात सायंतारा येथील साबुदाणा वडा खावा, बुधा हलवाई यांच्याकडची जिलेबी घ्यावी आणि तेथून गोदाघाटावर उतरावे. घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कोठवर आले यावरून नाशिककर पुराची मोजदाद करतात, त्यामुळे पावसाळ्यात ही भेट कोरड्या पायांनी घडेलच, असे नाही. रात्रीच्या जेवणाला शाकाहारी थाळी शहरभर चांगली मिळते. सामिष खाणाऱ्याने शहराबाहेरच्या रस्त्यांवरचे ढाबे पाहावेत. काळ्या मसाल्याचे मटण आणि बाजरीची भाकरी तेथे अधिक मनापासून वाढली जाते.

द्राक्षमळ्यांबद्दल थोडक्यातच सांगतो. 1999 साली सुरू झालेल्या सुला व्हिनयार्ड्सने या शहराला नवे पाहुणे मिळवून दिले, आणि वाइनची आवड असणाऱ्याने तेथे जावेच. पण मधल्या वारी, दुपारी. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत वेलींवर घड असतात, त्या काळात मळ्याचे रूप वेगळेच असते. द्राक्षे खायची असल्यास मात्र रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून घ्यावीत.

येण्याजाण्याचे गणित मुंबईकरांसाठी सोपे आहे. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस रात्री नाशिकरोडला सोडते आणि तीच गाडी सोमवारी सकाळी परत नेते. रविवारी रात्री कसाऱ्याच्या घाटात मोटारींच्या रांगेत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचे आहे. नाशिकरोड स्थानक शहरापासून चांगले आठ-दहा किलोमीटर दूर आहे, हे मात्र खोली ठरवतानाच लक्षात घ्यावे, कारण रात्री उशिरा रिक्षावाले मीटरचे नाव काढत नाहीत. त्र्यंबकला एसटी आणि सिटीलिंक ही शहर बससेवा या दोन्हींच्या गाड्या नियमित आहेत. हर्षेवाडी, आशेवाडी आणि नांदूर मध्यमेश्वरसाठी मात्र स्वतःचे वाहन लागेल, किंवा चार जण मिळून दिवसभरासाठी गाडी ठरवावी.